तुलनेचं घर

चिठ्ठ्या उचलल्या त्या दिवशी थोरलीच्या घराला भट्टी लागली आणि धाकटीच्या घराला पेटी.

दोन्ही घरांच्या मधली भिंत एकच. अलीकडे थोरला भाऊ आणि त्याची बायको, पलीकडे धाकटा, त्याची बायको आणि म्हातारे आप्पा. तळ्यावर भावांची होडी एक, जाळं एक. मासे किनाऱ्याला लागले की मात्र टोपल्या दोन व्हायच्या, कारण जावांनी तसं ठरवलं होतं आणि भावांनी ते मुकाट्यानं ऐकलं होतं.

तळ्याकाठच्या अख्ख्या वस्तीचा धंदा म्हणजे धुरी. सकाळचे मासे मिठाच्या पाण्यातून काढायचे, तारेच्या चौकटींवर ओळीनं मांडायचे, धुरीच्या बंद खोलीत टांगायचे आणि खाली दिवसभर लाकूड धुमसत ठेवायचं. धूर बसला की मासा तांबूस होतो, टणक होतो आणि पुष्कळ दिवस टिकतो. चौकटी फिरवायला आत जावं लागतं, आणि आत बाई जाते. तिलाही धूर बसतोच. पण त्यानं बाई टिकते असं काही अजून दिसलेलं नाही.

हे एका ट्रस्टच्या कानावर गेलं. ट्रस्टचा पैसा कोळशाचा होता. ट्रस्टच्या बाईंच्या आजोबांच्या खाणी होत्या. आजोबांनी हयातभर जगाला धूर विकला आणि नातीला त्याचं वाईट वाटलं. वाटणं रास्तच होतं. फक्त ते वाईट वाटणं आजोबांच्या खाणीवर न जाता थेट आमच्या तळ्यावर आलं. ऊर्जा आणि पर्यावरण या विषयांवर संशोधन व्हावं म्हणून तिनं सढळ हातानं देणगी दिली आणि त्या देणगीतून फुंकरसाहेब आले. कोणत्या घराला भट्टी आणि कोणत्या घराला नुसती धूर मोजायची पेटी, हे ठरवायला त्यांनीच वस्तीभर चिठ्ठ्या टाकल्या.

त्यांचं खरं नाव कोणाच्या लक्षात राहिलं नाही. ते बायकांना एका नळीत फुंकायला लावायचे, म्हणून फुंकरसाहेब. माणूस वाईट नव्हता. हसतमुख होता, मोटारसायकलवरून यायचा, चपला बाहेर काढून आत शिरायचा. नियम मात्र शिरतानाच बरोबर घेऊन यायचा.

"तुमचं हे तुलनेचं घर," ते आप्पांना म्हणाले.

"म्हणजे?"

"शेजारी भट्टी दिली. पत्र्याची, आतून मातीची, वर धुराडं. त्या बाईंच्या छातीत काय फरक पडतो ते आम्ही बघणार. पण फरक कळायला, जिथे भट्टी दिली नाही असंही घर हवं ना? ते तुमचं."

"मग आम्ही काय करायचं?"

"काहीच नाही. चाललंय तसंच चालू द्यायचं. काही बदलायचं नाही. अभ्यास संपला की तुम्हालाही भट्टी."

आप्पांनी जन्मभर राबून कधी मान मिळवला नव्हता. आता काहीही न करता मिळत होता. त्यांनी ताठ बसून विचारलं, "म्हणजे सगळे आमच्याशी तुलना करणार?"

"हो, तसंच."

"ऐकलंस का गं?" आप्पांनी आत हाक दिली. आतून धाकटीचा खोकला आला. तेच उत्तर समजून आप्पा खूश झाले.

फुंकरसाहेबांनी धुरीच्या खोलीत दाराच्या वर एक पांढरी पेटी स्क्रूनं बसवली. तिला लाल डोळा होता आणि तो उघडझाप करायचा. हवेत धूर किती, ते तिला कळत होतं. ते धाकटीलाही कळत होतं, पण तिला डोळा लुकलुकवून सांगता येत नव्हतं.

त्या वर्षी पाऊस गेलाच नाही. एरवी मासा भरपूर निघायच्या दिवसांत आकाश कोरडं असतं. त्या वर्षी रोज दुपारी झड यायची. मासा मात्र असा निघाला की जाळं ओढताना दोघा भावांच्या तळहातांची सालं गेली. घरात मासा ढीगभर आणि लाकूड ओलं. ओलं लाकूड पेटत नाही, नुसतं रडतं, आणि पांढरा, जाड, डोळ्यांत बोटं घालणारा धूर सोडतं. धाकटी तोंडाला ओलं फडकं बांधून आत जायची, चौकटी उलटायची आणि भिंत चाचपत बाहेर यायची. बाहेर येऊन ओट्याची कड धरून उभी राहायची. खांदे वर जायचे, खाली यायचे, आत काही जात नसल्यासारखे.

पलीकडे थोरली भट्टीच्या दाराशी स्टुलावर बसलेली असायची. धूर धुराड्यातून सरळ वर जायचा. तिच्या कपड्यांना वास नाही, डोळे पांढरेशुभ्र. मधूनच ती ओरडून म्हणायची, "काय गं, मासे भाजतेस की घर?"

"घर," धाकटी म्हणायची. एका दमात तेवढंच निघायचं.

एका सकाळी धाकट्यानं पहार घेतली. "खोलीच्या वरच्या चार विटा काढतो. धुराला जरा वाट होईल."

पहिली वीट हलली आणि फाटकाशी मोटारसायकल थांबली.

"हे काय चाललंय?" फुंकरसाहेबांनी चपला काढायच्या आधीच विचारलं.

"धुराला वाट करतोय."

"कुठे?"

"बाहेर! अजून कुठे?"

"तसं नाही करता येणार." त्यांचा चेहरा खरोखर दुखावल्यासारखा झाला. "आत किती धूर असतो तेच तर आपण मोजतोय. तो बाहेर गेला तर मोजायचं काय?"

"साहेब, हिला दम लागतो."

"माहीत आहे. म्हणूनच तर. तुम्ही विटा काढल्यात तर घर बाद होईल. मग शेवटी भट्टी नाही."

"आणि तोवर?"

"तोवर तुम्ही फार महत्त्वाचे आहात," फुंकरसाहेब म्हणाले आणि पिशवीतून नळी काढली.

फुंकायचा कार्यक्रम अंगणात व्हायचा. शेजारपाजार जमायचा, कारण बघायला दुसरं काही नव्हतं. धाकटीला स्टुलावर बसवलं. नाकाला चिमटा लावला.

"पूर्ण श्वास घ्या. आणखी. आता फुंका. जोरात! आणखी, आणखी, आणखी. संपला?"

ती खोकत दुमडली. चिमटा उडून चिखलात पडला. कुंपणापलीकडे कोणी तरी हसलं. फुंकरसाहेबांनी काचेवरचा आकडा वाचला. "उत्तम."

"बरं आहे का?" धाकट्यानं विचारलं.

"नाही, वाईट आहे. पण तुलनेसाठी उत्तम."

धाकट्यानं पहार कोपऱ्यात नेऊन ठेवली. त्या दिवशी तो जेवला नाही, आणि का जेवला नाही ते त्याला कोणी विचारलंही नाही.

त्यानंतर काही दिवसांनी धाकटी आतच कोसळली. भरलेली चौकट खांद्यावर होती, ती घेऊनच गेली. भिंतीपलीकडे थोरलीला चौकटीचा खणखणाट ऐकू आला. ती दारात येऊन उभी राहिली. तिनं पहिल्यांदा मासेच पाहिले.

"राखेत घोळवून धूर देतात होय तुमच्याकडे?"

 तिनं वाकून बघितलं. धाकटी राखेत बसली होती, तोंड उघडं, ओठ निळसर. थोरलीनं तिला काखेत हात घालून बाहेर ओढलं, ओट्यावर टेकवलं आणि पाठीवर इतक्या जोरात थापट्या मारल्या की जुन्या भांडणांचंही त्यात थोडंफार निघालं असावं.

"उद्यापासून चौकटी माझ्याकडे आण," ती म्हणाली. "भट्टीत दोघींचे मावतात."

"ताई, पण तो साहेब..."

"त्याला काय कळतंय? माशाच्या अंगावर लिहिलेलं असतं का, कुठल्या घराचा धूर म्हणून?"

"आम्ही बाद होऊ."

"न सांगितलंस तर कशी होशील? आणि हे बघ, फुकट नाही हं. लाकडं तू फोडायचीस."

धाकटी मान हलवून हसायला गेली. हसणं खोकल्यात गेलं.

आता अडचण राहिली पेटीची. धुरीच्या खोलीत मासे नाहीत, म्हणजे धूर नाही. आणि धूर नाही म्हणजे पेटी उपाशी. फुंकरसाहेब आठवड्याला येऊन तिच्या पोटातलं सगळं काढून नेत. ती रिकामी सापडली तर?

"ती पेटी त्यांनी विश्वासानं दिलीय," आप्पा म्हणाले. "शेजारी धूर खायला जायचं असेल तर ज्यानं त्यानं जावं. पेटी कशी जाईल? तिला घरचाच लागतो."

"आप्पा, मासे नाहीत, मग धूर कशाला?" धाकट्यानं विचारलं.

"पेटीला."

आणि आप्पा कामाला लागले. त्यांनी पाट दाराच्या बाहेर मांडला. तिथून लांब काठीनं ते आतला जाळ सारायचे, वर ओला भुसा टाकायचे, धूर पुरेसा दाट झाला की दार लोटायचे आणि फटीतून लाल डोळा दिसतोय का ते बघायचे. दिसला तर आणखी भुसा. रिकाम्या खोलीत, रिकाम्या खुंट्यांखाली, दिवसभर चोख धूर व्हायचा. म्हातारपणी त्यांना इतकं नियमित काम कोणी दिलं नव्हतं. दुपारी झोप आली तरी मधेच दचकून उठायचे, "पेटीचं बघितलं का कोणी?"

"तुमची पेटी माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त खाते," थोरली भिंतीवरून म्हणायची.

"आपण सांगितलेलं काम करतो," आप्पा म्हणायचे. "फसवाफसवी आपल्याला जमत नाही."

धाकटी भट्टीवर रुळली. पहाटे लाकडं फोडायची, टोपल्या वाहायची, चौकटी सरकवायची. थोरली स्टुलावरून हुकूम सोडायची: माझ्या भट्टीचं दार असं नाही उघडायचं, माझ्या भट्टीत इतकं लाकूड नाही घालायचं. दर वाक्यात "माझी भट्टी" आलीच पाहिजे असा तिचा नेम होता. धाकटी ऐकून घ्यायची. छातीत हवा जात असली की माणूस बरंच काही ऐकून घेऊ शकतो. एक दिवस ती भरलेली टोपली घेऊन तळ्याचा चढ चढली आणि वर पोचल्यावर तिच्या लक्षात आलं की मधे थांबायचं राहूनच गेलं. ती तिथेच उभी राहिली, मागे वळून चढाकडे बघत. मग जरा घाबरली. बरं वाटतंय हे कोणाला कळता कामा नये, असं तिला वाटलं.

पण नळीला कळलंच.

"जोरात... आणखी..." फुंकरसाहेबांचा आवाज मधेच थांबला. त्यांनी नळी झटकली, पुन्हा फुंकायला लावलं. पुन्हा तेच. त्यांनी आत जाऊन पेटी तपासली. पेटीत धूर पूर्वीपेक्षा जास्त. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर देव भेटल्यासारखा भाव होता.

"तुम्ही काही औषध घेता?"

"नाही."

"खाण्यात काही बदल?"

"नाही."

"रोज धुरात असता?"

धाकटीनं थोरलीकडे बघितलं. थोरली आकाशाकडे बघत होती. "धूर रोज असतो," धाकटी म्हणाली. यात खोटं काही नव्हतं.

पुढच्या महिन्यात ट्रस्टच्या बाई स्वतः आल्या. शाळेच्या पटांगणात मांडव घातला. बाईंनी पांढरे कपडे घातले होते आणि ते पांढरेच राहावेत म्हणून त्यांच्या खुर्चीखाली सतरंजी होती. त्या फार गोड बोलायच्या.

"आम्ही इथं मदत करायला आलो होतो," त्या म्हणाल्या, "पण शिकून परत चाललोय. ज्या घरांना आपण भट्टी दिली नाही, त्या घरांत धूर वाढला. आणि तरीही तिथल्या भगिनींची छाती सुधारली! एकाच नव्हे, जवळजवळ सगळ्या तुलनेच्या घरांत!"

धाकटीनं मान वर केली. दोन रांगा पुढे जाळी विणणाऱ्याची बायको बसली होती, तुलनेच्या घरातली. ती पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. होडीवाल्याची सून, तीही तुलनेची. ती मुलाच्या डोक्यात नसलेली ऊ शोधत होती. मागच्या रांगेत म्हातारे बसले होते, आणि त्यांच्या सगळ्यांच्या हातांना ओल्या भुशाचा वास होता. धाकटीच्या तेव्हा लक्षात आलं.

"धुराशी जुळवून घेण्याची ही जी ताकद आहे," बाई सांगत होत्या, "ती या मातीतली आहे. अशा ताकदीला भट्टीची गरज नाही. म्हणून आम्ही ठरवलंय, भट्ट्या आणखी वाटायच्या नाहीत. ट्रस्टचा पुढचा सगळा निधी या ताकदीच्या संशोधनाला. तुम्ही फक्त आहात तशाच राहा."

टाळ्या झाल्या. आप्पांनी सर्वांत जास्त वाजवल्या. मग त्यांनी शेजारच्याला विचारलं, "म्हणजे आपली भट्टी?"

"नाही मिळायची."

धाकटी उभी राहिली. थोरलीनं तिच्या कपड्याला हिसका दिला. "बस खाली!"

"बाई," धाकटी म्हणाली. आवाज बारीक निघाला, म्हणून तिनं पूर्ण श्वास घेतला. आता येत होता. "ती छाती धुरात नव्हतीच. मी जावेकडे भट्टीवर असते. आमच्या खोलीत कोणी नसतं. नुसता धूर असतो."

"कोणी नसतं तर धूर कसा?"

"तो मी घालतो," आप्पा उठून म्हणाले. इतक्या लोकांत बोलायची त्यांची पहिलीच वेळ होती. "एक दिवस चुकवला नाही. पेटीला काही कमी पडू दिलं नाही."

"आम्हीही घालतो," मागून दुसरा म्हातारा म्हणाला, जरा रागावून, सगळं श्रेय एकट्या आप्पांना जाईल म्हणून. "आमच्यात तर शेणी पण घालतो." आणि मग मागची सगळी रांग एकेक करून उठली.

बाईंनी फुंकरसाहेबांकडे बघितलं. फुंकरसाहेब सतरंजीकडे बघत होते. क्षणभरानं बाई पुन्हा हसल्या. "किती प्रामाणिक माणसं!" त्या म्हणाल्या, टाळ्या वाजवल्या, आणि पाणीसुद्धा न पिता गाडीत बसल्या.

दुसऱ्या दिवशी फुंकरसाहेब आले ते चपला न काढताच.

"अभ्यास रद्द. सगळी घरं बाद. पेट्या आज नेतो, भट्ट्यांसाठी ट्रक येईल. डोंगरापलीकडच्या तळ्यावर नव्यानं सुरू करायचंय. तिथले लोक विश्वासू आहेत म्हणतात."

"माझी भट्टी का?" थोरली म्हणाली. "मी काय केलं? मी तर नेमानं फुंकत होते!"

"तुमच्या भट्टीत दोन घरांचे मासे होते."

ते गेल्यावर थोरली वळली. "तुला कोणी सांगितलं होतं तोंड उघडायला?"

"मग काय करू? धुरात बसून ताकदवान म्हणवून घेऊ?"

"तुला भट्टी मिळणारच नव्हती. गप्प बसली असतीस तर माझी तरी राहिली असती. त्यात तुझेही मासे होत होते ना? आता बस दोघींच्या नावानं खोकत." थोरलीनं चौकटी उचलून भिंतीपलीकडे ठेवल्या. फेकल्या नाहीत, तार वाकली असती.

धाकटी आपल्या खोलीत परतली. धाकट्यानं लगेच विटा काढल्या, आता अडवणारं कोणी नव्हतं. पण त्या भोकातून धूर असा पळाला की माशांना बसेचना. मासे फिकट राहिले, व्यापाऱ्यानं टोपली पायानंच मागे सारली. विटा परत लावाव्या लागल्या. चार दिवसांत धाकटीचा खोकला घरी आला, जणू बाहेरगावी गेला होता. आप्पा पाटावर नुसते बसून असायचे. दाराच्या वर स्क्रूची भोकं तेवढी उरली होती.

ट्रक आला तो ऐन माशांच्या वेळी. बरोबर चार हमाल, दोरखंड, आणि पुढे फुंकरसाहेब.

"आत मासे आहेत," थोरली दारात आडवी उभी राहून म्हणाली.

"काढा मग."

"अर्धे कच्चे? सकाळपासून ओढलेलं सगळं वाया? झाले की काढते, गार झाली की न्या."

मोठा हमाल पुढे झाला, पत्र्याला हात लावला आणि शिवी हासडून मागे सरला. "साहेब, ही उचलायची म्हणजे हातांची कातडी इथंच ठेवावी लागेल. गार होऊ दे."

"किती वेळ लागेल?"

"जाळ विझल्यावर एक रात्र तरी जाईल. आत मातीचा थर आहे."

फुंकरसाहेबांनी घड्याळ बघितलं. "ठीक आहे. थांबतो."

थोरली दारातच उभी होती. तिनं हमालाच्या हाताकडे बघितलं. तो बोटं तोंडात घालून चोखत होता. मग पत्र्याकडे बघितलं. मग ती सरळ भिंतीपाशी गेली.

"अगं ए!"

पलीकडून खोकला.

"चौकटी भरलेल्या आहेत का तुझ्या?"

"आहेत. का?"

"आण इकडे. सगळ्या आण. लाकडं पण आण. बघतेस काय, ही गार होता कामा नये!"

धाकटीला समजायला क्षणभर लागला. मग ती निघाली. एक चौकट या खांद्यावर, एक त्या. मागून आप्पा, कवेत लाकडं घेऊन, वाकलेले, आणि तोंडानं "सरका, सरका" म्हणत. थोरलीनं स्वतःचे झालेले मासे काढले, धाकटीनं आपले आत सारले आणि जाळावर दोन ओंडके टाकले. पत्रा तडतडला.

फुंकरसाहेबांनी ट्रक पुढच्या घरी नेला. तिथलं दार उघडायच्या आधीच जाळी विणणाऱ्याची बायको मागच्या दारानं चौकटी घेऊन आत शिरली होती. तिसऱ्या घरीही भट्टी नुकतीच भरलेली. दुपारपर्यंत तळ्याच्या काठानं एकूण एक धुराडं चालू होतं आणि ट्रक रिकामा उभा होता. हमाल सावलीत बसले. कोणी तरी त्यांना गरम मासे दिले; त्यांना घाई नव्हती.

दुसऱ्या सकाळी ट्रक परत आला. भट्टी गरमच होती. जावांनी पाळ्या लावल्या होत्या. त्यानंतरही तो येत राहिला. मोठा हमाल उतरून हाताच्या पाठीनं पत्रा चाचपायचा, मान हलवायचा आणि सावली धरायचा. पाऊस थांबला होता. तळ्यात अजून मासा होता, आणि धाकटी चढावरून टोपल्या आणत होती, मधे न थांबता.

शेवटी फुंकरसाहेब भट्टीसमोर येऊन उभे राहिले. दाढी वाढलेली, चपलांना खवले चिकटलेले.

"वर काय कळवू मी? भट्टी कधी गार होणार?"

"तिला विचारा," थोरली स्टुलावरून म्हणाली. "लाकडं ती घालते."

फुंकरसाहेब वळले. धाकटीच्या खांद्यावर भरलेली चौकट होती, अंगावर मिठाचं पाणी गळत होतं.

"हंगाम संपला की," ती म्हणाली.

"आणि हंगाम कधी संपतो?"

"सरका जरा," धाकटी म्हणाली. "वाटेत उभे आहात."